चादरीला भोकं होती

वर्गाची बाई मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, तुमच्या हातात कला आहे."

मी म्हटलं, "माझ्या हातात संधिवात आहे. आणि आजी म्हणायला मला नातवंडं नाहीत."

बाकीच्या म्हाताऱ्या खिदळल्या. पोरगी लाल झाली, पण हटली नाही. कागद, कात्री आणि डिंक माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बरं मावशी, एक फूल करा." मी फूल केलं. ते फुलासारखं दिसत होतं आणि मला त्यात काडीचा रस नव्हता. वाचनालयाच्या सभागृहात पंखा होता, चहा फुकट होता, आणि तेवढा वेळ ताईचं तोंड बघावं लागत नव्हतं, म्हणून मी ज्येष्ठांच्या त्या हस्तकला वर्गाला जात होते. कला-बिला काही नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं रफूचं दुकान होतं, बाबांनी काढलेलं. लोक फाटलेले, जळलेले, कसरीने खाल्लेले कपडे आणायचे. आम्ही त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढायचो आणि त्या धाग्यांनी भोक विणून भरायचो, उभा धागा, आडवा धागा, मूळ विणीत वीण मिसळून. बाबांनी आम्हा दोघींची लग्नं केली नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "योग नाही." योग कसला डोंबलाचा! चार हात दुकानातून गेले असते.

दुकानाची एक रीत होती. तयार कपडा खाकी कागदात बांधून द्यायचा. गिऱ्हाइकाने काउंटरवरच पुडकं सोडायचं, कपडा उजेडात धरायचा आणि भोक शोधायचं. शोधून शोधून थकलं की ते म्हणायचं, "कुठे होतं हो?" हीच आमची शाबासकी. दुसरी नव्हती. पुडकं बांधायच्या आधी बाबा स्वतः कपडा खिडकीशी नेऊन उलटसुलट करायचे. ताईच्या कामावर त्यांची नजर फिरत राहायची, आणि मग ते पुटपुटायचे, "कुठे होतं?" ताई खाली मान घालून सुई ओवत बसायची, पण तिचे कान लाल व्हायचे. माझ्या कामावर मात्र बाबा नेमकं बोट ठेवायचे. "इथे. दिसतंय." बस्स. की उसवा आणि पुन्हा करा.

आयुष्यभर हेच. न दिसणारं काम करायचं, आणि तेही मला नीट जमायचं नाही.

बाबा गेले, मग गिऱ्हाइकं गेली. आता कपडा फाटला की लोक नवा घेतात. दुकानाच्या पुढच्या भागात मोबाइलची कव्हरं विकणारा आला आणि आम्ही दोघी मागच्या दोन खोल्यांत राहिलो. ताईचा एक डोळा कधीचाच गेला होता, दुसऱ्याने तिला धुकं दिसायचं. दिवसभर खुर्चीत बसून मला टोचून बोलणं एवढंच काम तिला उरलं होतं, आणि त्यात मात्र तिची सुई अजून बोथट झाली नव्हती.

तर एकदा वर्गात बाईने प्रत्येकीला सुती कापडाचा एकेक तुकडा दिला आणि म्हणाली, "आज काही शिकवणार नाही. मनात येईल ते करा." शेजारची लगेच बदक भरायला बसली. मी तुकडा हातात घेतला. कोरा करकरीत, धडधाकट कपडा. इतकी वर्षं माझ्या हातात एकही धडका कपडा आला नव्हता. आणि माझ्या मनात काय आलं ठाऊक आहे? मी कात्री घेतली आणि मधोमध कचकन भोक पाडलं.

इकडेतिकडे बघितलं, कुणी ओरडतंय का. कुणी ओरडलं नाही. मग मी भोकाच्या कडेचे धागे ओढले, काही मोकळे लोंबत ठेवले, काहींची जाळी बांधली आणि कडेने लाल दोऱ्याने काठ घातला. चांगला भडक लाल. दिसू दे की! बाई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी चहा माझ्या बाजूला गार होऊन गेला. मी घरी चालत आले ती जवळजवळ पळतच. या वयात माझ्या छातीत असं धडधडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

घरी ताईने तुकडा हातात घेतला आणि बोटं फिरवली.

"कुणाचं काम आलंय?"

"कुणाचं नाही. माझं आहे."

"कशाने गेलं?"

"मी कापलं."

तिने तुकडा मांडीवर ठेवला आणि सरळ सुईचा डबा ओढला. मी तिच्या हातातून तुकडा हिसकावला.

"डोकं फिरलंय का ठके?" ती म्हणाली. लहानपणापासून ती मला ठकीच म्हणते. "भोक भरायचं असतं. मिरवायचं नसतं. आणि तुझा तो काठ वाकडा लागतोय हाताला."

"लागू दे," मी म्हटलं.

त्यानंतर मी एक मोठी पांढरी चादर आणली. त्या चादरीवर मी आमच्या दुकानात आलेली भोकं पाडायला लागले. एकेक आठवून. सिगारेटचं गोल, कड करपलेलं. खिळ्याने ओढलेलं, काटकोनात फाटलेलं. कुत्र्याच्या दातांचं. कसरीचं तर असं की बारीक बारीक पुरळ उठल्यासारखं. एक बाई नेहमी झग्याची बाही फाटलेली आणायची, म्हणायची, दारात अडकली. दर वेळी त्याच जागी, आणि दंडावर निळं. तिचं भोक मी जांभळ्या दोऱ्याने बांधलं. आम्ही जी जी भोकं बुजवून लोकांच्या घरी धाडली होती ती सगळी मी परत बोलावली. सकाळी उठले की चादर, जेवले की चादर. हाताचा संधिवात कुठे पळाला कोण जाणे. बाई आठवड्याला येऊन बघायची आणि एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अगं, सुईवर पडेल, गंज चढेल." पण मला आतून काय झालं ते माझं मला माहीत.

मग तिने सांगितलं की वर्गाचं प्रदर्शन भरणार आहे आणि समोरची अख्खी भिंत माझ्या चादरीला. बाकीच्यांची फुलं-बदकं बाजूच्या टेबलांवर. खाली पाटी लावायची, तिने विचारलं काय लिहू. मी म्हटलं, "भोकं." मला दुसरं काही नको होतं हो. पैसे नकोत, बक्षीस नको. एकदा, मरायच्या आधी एकदा, मी केलेलं चार लोकांना दिसावं.

शेवटचं भोक मी कोटाचं पाडलं.

तो कोट एका वकिलाचा होता. काळा, कोपरावर फाटलेला. वकील देखणा होता आणि हसून बोलायचा. कोट न्यायला आला की ताईशीच बोलायचा, माझ्याकडे बघायचाही नाही. त्या काळ्या रंगाचा धागा दुमडीत पुरेसा निघेना, तेव्हा ताईने स्वतःचे केस वापरले. तेव्हा तिचे केस काळेभोर होते. मी शेजारी बसून बघत होते, ती एकेक केस ओवत होती आणि हसत होती. वकिलाने काउंटरवर कोट उलटापालटा केला आणि म्हणाला, "कुठे होतं हो?" तोच कोट घालून तो लग्नाला उभा राहिला, दुसरीशी. आम्हाला बोलावणं होतं. ताई गेली होती, जेवून आली.

ते भोक मी चादरीच्या बरोबर मधे पाडलं, आणि त्याचा काठ घातला ताईच्या केसांनी. आता पांढरे झालेत, फणीत रोज निघतात. पांढऱ्यावर पांढरं उठत नाही, म्हणून ते आधी शाईत बुडवले. मला माहीत होतं मी काय करतेय. ते त्या चादरीतलं सगळ्यात सुंदर भोक होतं.

ताईने चादर हाताने तपासली, नेहमीसारखी, इथून तिथून. मधे तिची बोटं थांबली. तिने भिंगाचा दिवा ओढला आणि चांगल्या डोळ्याशी कापड नेलं.

"हे काय आहे?"

"केस."

"कुणाचे?"

"तुझे. फणीतले."

ती म्हणाली, "हे भिंतीवर लावणार तू? लोकांपुढे?"

"हो."

"गिऱ्हाइकाचं भोक चारचौघांत काढायचं नसतं, ठके. बाबांनी हे एकच शिकवलं आपल्याला."

"बाबा नाहीत आता. आणि तुझ्या त्या वकिलाचं नाव तरी कुणाच्या लक्षात असणार आहे?"

"माझ्या आहे," ताई म्हणाली, आणि दिवा बंद केला. तो विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

प्रदर्शन महिन्यावर आलं आणि माझ्या छातीत कफ भरला. ताप उतरेना, श्वास पुरेना. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथे नळ्या लावून पडले होते तेव्हाही माझा जीव चादरीतच अडकला होता. नर्सला सारखी विचारायची, मला कधी सोडणार. तिला वाटायचं, बाईला घरच्यांची फार ओढ आहे. सोडलं ते प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. घरी आले तर ताईने टेबलावर पुडकं ठेवलं होतं. खाकी कागद, सुतळी, वर बाबा मारायचे तशीच गाठ.

"इस्त्री करून बांधलीय," ती म्हणाली. "आता उघडू नकोस, चुरगळेल. तिथेच सोड."

मला भरून आलं. खरं सांगते, मी मूर्ख, तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांची टोकं सोललेली होती. मला वाटलं, इस्त्रीने भाजली असतील.

सकाळी सभागृहात मी आणि बाईने सुतळी सोडली. तिने दोन टोकं धरली, मी दोन धरली आणि आम्ही चादर उलगडली.

चादर कोरी होती.

बाई म्हणाली, "मावशी, चुकून दुसरी आणलीत का?" मी कड तपासली. चारही बाजूंची दुमड गायब होती. धागे तिथून काढले होते. चादर बोटभर आखूड झाली होती आणि त्या बोटभर कापडात माझी सगळी भोकं गेली होती. सिगारेटचं, खिळ्याचं, कुत्र्याचं, त्या बाईच्या बाहीचं. मी खिडकीशी नेली, उजेडात धरली, तिरकी केली. मला तर एकेक जागा डोळे मिटून ठाऊक होती, मीच पाडलेली ना! तिथे नाक लावलं तरी काही नाही. कोटाच्या जागी फक्त, अगदी डोळा चिकटवला तेव्हा, सुतात काहीतरी चकाकलं. केस. पांढऱ्यात पांढरे, तिच्या डोक्यावरचे, न बुडवलेले. ते भोक तिने पुन्हा तसंच भरलं होतं, तेव्हा भरलं होतं तसंच.

पुडक्याच्या तळाशी एक रीळ होतं. माझा लाल दोरा, जांभळा दोरा, सगळा नीट उसवून गुंडाळलेला. वाया जाऊ नये म्हणून.

उसवायचं म्हटलं तर धरायचं काय? असं रफू उसवता येत नाही, त्याला टोकच नसतं. इतकं सुरेख काम तिने डोळे असतानाही कधी केलं नव्हतं, आणि आता तर तिला स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. बोटांनी केलं सगळं. मी रडले नाही. रडायला दम लागतो, आणि दवाखान्यातून येताना मी तो फारसा आणला नव्हता.

बाई कासावीस झाली होती. "मावशी, आपण इथे फुलांचा फलक लावू या का?"

"चादर लाव," मी म्हटलं.

"पण..."

"लाव म्हणते ना!"

तिने लावली. खाली पाटी: भोकं. आणि पुढे दोरी बांधून दुसरी पाटी: कृपया हात लावू नये.

लोक आले. बदकांचं कौतुक झालं. मग समोरच्या भिंतीशी येऊन जो तो थांबायचा, पाटी वाचायचा, चादरीकडे बघायचा, पुन्हा पाटी वाचायचा. एकाने मान तिरकी केली. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "आता असंच असतं बाई, आपल्याला कळत नाही." आणि प्रत्येक जण शेवटी तेच विचारायचा. बाईला विचारायचा, शेजारच्याला विचारायचा, मला विचारायचा. "भोकं कुठे आहेत हो?"

दुपारी ताई आली. काठी टेकत, ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून. ती वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. मोबाइलवाल्याने तिला सोडलं. बाईने खुर्ची दिली, ती भिंतीच्या बाजूला बसली, आणि तिच्या डोक्यावरून एकेक जण विचारत होता, "कुठे आहेत हो? कुठे आहेत?" मी लांबून तिचा चेहरा बघत होते. तिचे कान लाल झाले होते. खाली मान घालून ती हाताची घडी घालत होती, सोडत होती. माझी भिंत, माझा दिवस, माझी पाटी, आणि शाबासकी सगळी तिला मिळत होती, एकालाही न कळता.

गर्दी ओसरली तेव्हा तिने मला हाक मारली.

"ठके, इकडे ये."

मी गेले.

"हे लोक अडाणी आहेत," ती हळूच म्हणाली. "त्यांना भिंतीला पडलेलं भगदाडसुद्धा दिसणार नाही. तू सांग. तुला तर ठाऊक आहे कुठे कुठे होतं." "मला दिसत नाही ना आता. बोटांना बरोबर लागत होतं, पण बोटांचं काय सांगावं. तू बघ नीट. बाबा बघायचे तसं बघ."

बाबा नाहीत. गिऱ्हाइकं नाहीत. या जगात त्या कामाची पारख असलेली दोनच माणसं उरली आहेत, त्यातलं एक आंधळं. तिच्या सगळ्या आयुष्याचं शेवटचं आणि सर्वांत चांगलं काम भिंतीवर होतं, आणि ते चांगलं आहे हे तिला फक्त माझ्या तोंडून कळणार होतं. मी म्हटलं असतं, "कुठे होतं गं?" की झालं. तीन शब्द.

मी दोरीपाशी गेले. पुष्कळ वेळ बघितल्यासारखं केलं. मग बोट उचललं, न चुकता एकेक जागा दाखवत गेले.

"इथे. दिसतंय," मी म्हटलं. "इथे ओढलं गेलंय. हे सिगारेटचं फुगलंय. बाहीचं वाकडं."

"वाकडं?" ती म्हणाली.

"आणि कोटाचं तर दारातून दिसतंय. केस चमकतात. लोक हसत होते ते त्यालाच."

तिने हात पुढे केला, हाताने बघायला. मी तिचा हात धरला. "लावू नकोस. पाटी आहे."

ती खुर्चीत मागे टेकली. कानांची लाली उतरली, मग गालांची उतरली, मग बघण्यासारखं काही उरलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "सगळी दिसतात?"

"सगळी."

घरी आल्यावर तिने सुईचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. भिंगाचा दिवाही दिला. तिच्या पोलक्याचं बटण तुटलं की आता मी लावते. मी नवीन चादर घेतलीय आणि नव्याने भोकं पाडतेय, आणि माझ्या भोकांना आता कुणी हात लावत नाही. बाई म्हणते, ही पहिलीपेक्षा चांगली होतेय. होतेय खरी.

ती जुनी चादर मी ताईच्या पलंगावर घातली. चांगली धडकी चादर आहे, वाया कशाला घालवायची? दुपारी ती त्यावर बसते आणि तळहात फिरवते, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, मग बोटांची टोकं, मग नखाची कड. काहीतरी लागेल म्हणून. मधे पुन्हा पुन्हा थांबते.

"ठके," ती विचारते, "कुठे होतं गं? मला तर हाताला लागतच नाही."

मी सुईतून मान वर करत नाही.

"डोळे गेले, तसे हातही गेले तुझे," मी म्हणते.